रंग विकू नका, निदान विका: ओल लागलेल्या घरांच्या दुरुस्तीचा धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या घरांची ओल काढण्याच्या धंद्याबद्दल बोललो. व्हिडिओत वेळेअभावी राहून गेलेले आकडे आणि तपासणीची पद्धत इथे सविस्तर देतो. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आधी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही काम नुकतंच सुरू केलंय. गावातल्या एका काकाजींनी घरी बोलावलं. मागच्या खोलीची भिंत दाखवून ते म्हणतात, "मागल्या सालीच कलर मारला भाऊ, अन् पुन्हा पोपडे निघून राह्यले. आता चांगला वॉटरप्रूफ मारून द्या. किती घ्याल?"

गिऱ्हाईक स्वतःहून काम देतंय, म्हणजे आनंदच. तुम्ही भिंत मोजता, डब्याचा भाव आठवता आणि ९,००० रुपये सांगता. चार दिवसांत काम संपतं, पैसे मिळतात, भिंत चकाचक दिसते. मग जुलै येतो. रोवणी चालू असते, पाऊस थांबत नाही, आणि काकाजींचा फोन येतो. पोपडे पुन्हा निघाले.

आता तुमच्याकडे दोनच रस्ते उरतात. फुकटात पुन्हा काम करा आणि नफा घालवा, किंवा फोन उचलू नका आणि नाव घालवा. शहरात नवीन गिऱ्हाईक मिळतं. गावात मात्र एक काम बिघडलं की बाजाराच्या दिवशी दहा घरांना कळतं.

चूक कुठे झाली? रंग खराब नव्हता, मजूरही कामचुकार नव्हते. पाणी कुठून येतं ते न शोधता दर सांगितला, ही चूक. आजचा सगळा धडा या एका वाक्यात आहे. बाकी सगळं हे वाक्य कसं पाळायचं त्याबद्दल.

दिघोरीत हे काम का आहे?

उदाहरणासाठी लाखांदूर तालुक्यातलं दिघोरी (मोठी) घेऊ. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घराच्या मागे धानाची बांधी, शेजारी बोडी किंवा मामा तलाव, म्हणजे पावसाळाभर जमिनीत पाणी भरलेलं. कित्येक ठिकाणी जमीन कन्हार. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं घर दोन्ही वेळा हलतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या अनेक गावांत घरात पाणी शिरलं. अशा भिंतींत शिरलेले क्षार वर्षानुवर्षं बाहेर येत राहतात.

आता घरं बघा. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. म्हणजे गावोगावी वीस-तीस वर्षं जुनी विटांची घरं आहेत. त्यांना अनेकदा जोत्यावर ओलरोधक थरच नाही. त्याशिवाय लोकांनी स्वतः बांधलेली सिमेंट ब्लॉकची आणि राखेच्या विटांची घरं आहेत, काहींचं बाहेरून प्लास्टर आजही बाकी आहे. घर पाडून नवीन बांधणं प्रत्येकाला परवडत नाही. दुरुस्ती मात्र प्रत्येकाला लागते. हा तुमचा बाजार.

पाणी येण्याचे पाच रस्ते

ओल एकसारखी दिसते, पण ती येण्याचे रस्ते वेगळे असतात. प्रत्येकाची खूण पाठ करा.

१. जमिनीतून वर चढणारी ओल. आपण म्हणतो, वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. भिंतीत मात्र पाणी वर चढतं. कंदिलाची वात रॉकेल ओढते तशी वीट जमिनीतलं पाणी ओढते. खूण: फरशीपासून साधारण तीन फुटांपर्यंत आडवा पट्टा, वरच्या कडेला पांढरा खार. ही ओल उन्हाळ्यात कमी होते, पण पूर्ण जात नाही.

२. बाहेरून झिरपणारा पाऊस. खूण: वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्याला किंवा भेगेच्या रेषेत डाग. पावसानंतर काही तासांत दिसतो. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत पाणी सांध्यातून शिरतं, पोकळीतून खाली उतरतं आणि तळाशी दिसतं. त्यामुळे ही ओल जमिनीतून आली असं वाटून फसायला होतं.

३. छपरातून. स्लॅबवर पाणी साचणं, कठड्याच्या मुळाशी भेग, सरकलेलं कवेलू, टिनाच्या खिळ्याचं भोक. खूण: डाग वरून खाली उतरतो.

४. नळ, टाकी, न्हाणीघर. खूण: ओल बारा महिने सारखी राहते, पावसाशी तिचा संबंध नसतो. पाण्याची टाकी रोज भरून वाहते का, हा प्रश्न विचारायला विसरू नका.

५. खोलीतली वाफ. स्वयंपाक, आत वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या. खूण: कोपऱ्यात आणि कपाटामागे काळी बुरशी, पण प्लास्टर घट्ट. इथे बांधकाम करायचंच नसतं, हवा खेळती करायची असते. गिऱ्हाइकाला हे खरं सांगा. आज काम गेलं तरी तुमच्या शब्दाला किंमत येते.

एका भिंतीत दोन रस्ते एकत्र असू शकतात. म्हणून पहिली खूण सापडली की थांबू नका, पाचही तपासा.

तपासणी: एक पिशवी आणि दीड तास

पिशवीत काय हवं: टॉर्च, लहान हातोडी, मोजपट्टी, लेव्हल पाइप, जाड प्लास्टिकचा तुकडा, चिकटपट्टी, कडक ब्रश, पेन्सिल आणि मोबाइल. महागडं मशीन नंतर घ्या.

सुरुवात बाहेरून करा, आतून नाही. घराला एक पूर्ण फेरी मारा. सांदवाडीतली माती जोत्यापेक्षा वर आली आहे का? नवा रस्ता किंवा नाली झाल्यामुळे अंगण खाली आणि रस्ता वर, असं झालंय का? लेव्हल पाइप लावून उतार घराकडे आहे की घरापासून दूर, ते बघा. भिंतीला टेकून शेणखत, सरपण किंवा मातीचा ढीग आहे का?

मग वळचणीचं पाणी कुठे पडतं ते बघा. इथे एक हिशेब गिऱ्हाइकासमोर करा. छपराची एक बाजू ३०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. पाऊस १,३०० मिलिमीटर. गुणाकार केला की एका पावसाळ्यात सुमारे ३६,००० लिटर पाणी होतं, म्हणजे पाच हजार लिटरचे सात टँकर. हे सगळं त्या एकाच भिंतीच्या पायाशी ओतलं जातंय. काकाजींना डब्यावरच्या जाहिरातीपेक्षा हे सात टँकर लगेच पटतील.

आत आल्यावर ओलीची उंची पेन्सिलने खुणावा आणि बाजूला तारीख लिहून फोटो काढा. जमिनीतली ओल की खोलीतली वाफ, हे कळत नसेल तर हातभर प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर वाफ, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर भिंतीतली ओल.

भेगांचा आकार वाचायला शिका. सांध्यांतून पायऱ्यांसारखी गेलेली भेग बहुधा पाया खचल्याचं सांगते. ब्लॉकच्या लांब भिंतीत मधोमध उभी बारीक भेग बहुधा ब्लॉक वाळून आकसल्याची असते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची रेघ आणि तारीख टाका. दोन महिन्यांनी भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर ती चालू आहे. चालू भेग नुसती बुजवायची नाही, ती पुन्हा उघडते.

शेवटी स्लॅब. खालून हातोडीने हलकं ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर आत सळई गंजते आहे असं समजा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलून तुकडे पाडतो.

दुरुस्तीचा क्रम

क्रम असा: पाणी बंद, भिंत कोरडी, मग प्लास्टर, आणि सर्वांत शेवटी रंग. बहुतेक लोक शेवटून सुरू करतात.

पाणी बंद करणं. वळचणीला पन्हाळ लावून पाणी दूर सोडा. जोत्याला टेकलेली माती काढा. भिंतीलगत दोन फूट रुंद, बाहेर उतार असलेली काँक्रीटची पट्टी टाका आणि पुढे नाली काढा. स्लॅबवर पाणी साचत असेल तर आधी उतार द्या, नंतर लेप. ओल जमिनीतून येत असेल आणि एवढं करूनही कमी झाली नाही, तरच तळच्या सांध्यात भोकं पाडून ओलरोधक रसायन भरण्याचा विचार करा. ते खर्चिक आहे आणि हात बसल्याशिवाय घेऊ नये.

भिंत वाळवणं. ओलीच्या खुणेच्या एक फूट वरपर्यंत जुनं प्लास्टर काढा, सांधे अर्धा इंच खरवडा. पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा. पाण्याने धुऊ नका, खार विरघळून पुन्हा आत जातो. नऊ इंची भिंत खरोखर कोरडी व्हायला महिने लागतात, आठवडे नाही. ही गोष्ट गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगा.

प्लास्टर. एक भाग सिमेंटला चार भाग वाळू हे प्रमाण बाहेरून, आणि एकास सहा आतून, हा साधारण हिशेब. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत, हा गैरसमज सोडा. मऊ जुन्या विटेवर कडक सिमेंटचा थर दिला की आतलं पाणी अडतं आणि थराच्या वरून, म्हणजे आधी जिथे ओल नव्हती तिथून बाहेर पडतं. जुन्या मऊ विटेला चुन्याचं प्लास्टर जास्त मानवतं, ते पाण्याला वाट देतं. मातीच्या भिंतीवर तर सिमेंट लावूच नका. प्लास्टर झाल्यावर किमान सात दिवस पाणी मारा. आपल्याकडच्या उन्हात ओलं पोतं बांधलेलं बरं.

बदलायची वीट. नवीन वीट घेताना घरीच परीक्षा घ्या. कोरडी वीट वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा वजन करा. भारतीय मानकाप्रमाणे नेहमीच्या भाजलेल्या मातीच्या विटेने २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. तीन किलोची वीट ३.६ किलोच्या वर गेली तर ती परत करा.

हे काम घेऊ नका

स्लॅब वाकलाय, सळई गंजून बारीक झाली आहे, भिंत ओळंब्यातून बाहेर गेली आहे किंवा पायऱ्यांची भेग वाढते आहे: यातलं एक जरी दिसलं तरी तुमचं काम तिथे थांबतं. घरच्यांना त्या खोलीत झोपू नका असं सांगा, गरज असेल तर बल्ल्यांचा टेकू द्या, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायला सांगा. त्या स्लॅबखाली लेकरं झोपतात. तुमच्या लेपाने तडा झाकला गेला आणि घरच्यांना धोका दिसलाच नाही, तर तो दोष कोणत्याही बिलात भरून निघणारा नाही. 'हे माझं काम नाही' असं म्हणणारा मिस्त्री लोकांच्या लक्षात राहतो.

दर कसा काढायचा

तपासणी फुकट करू नका. समजा ३०० रुपये घेतले, तर काम मिळाल्यावर बिलातून वजा करा. फुकट सल्ल्याला गिऱ्हाईकही किंमत देत नाही.

आता काकाजींचंच घर घेऊ. कारण सापडलं: मागची माती जोत्याच्या वर आलेली, आणि वळचणीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतंय. काम: माती काढणं, पट्टी टाकणं, पन्हाळ लावणं आणि आतून १२ फूट × ४ फूट, म्हणजे ४८ चौरस फूट प्लास्टर. खालचे दर समजावण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा करा.

- मिस्त्री ४ दिवस × ८०० = ३,२००
- मदतनीस २ जण × ४ दिवस × ५०० = ४,०००
- सामान = ५,५००
- वाहतूक = ८००
- थेट खर्च = १३,५००
- फोन, अवजारं, जाणं-येणं यासाठी १० टक्के = १,३५०
- पुन्हा यावं लागलं तर त्यासाठी राखीव ५ टक्के = ६७५
- एकूण = १५,५२५
- नफा १५ टक्के = २,३२९
- दर = १७,८५४, म्हणजे १७,९००

तुम्ही स्वतः मिस्त्री असाल तरी ८०० रुपये रोज धराच. स्वतःची मजुरी न धरता काढलेला नफा खोटा असतो.

काकाजी म्हणतील, "दुसरा नऊ हजारात करून देतो न भाऊ." भांडू नका. म्हणा, "काकाजी, नऊ हजारात रंग मिळंल. पुढच्या साली पुन्हा नऊ हजार लागतील. दोन सालांत अठरा होतात, अन् पाणी तिथंच राहते." आणि सात टँकरचा हिशेब पुन्हा दाखवा. तरी नाही म्हणाले तर हसून चहा पिऊन निघा. स्वस्तात चुकीचं काम घेण्यापेक्षा काम सोडलेलं बरं.

हमी लिहून द्या, पण कशाची?

"कधीच ओल येणार नाही" असं लिहू नका. तुम्ही जे केलं त्याचीच हमी द्या: पन्हाळ गळणार नाही, पट्टीचा उतार बाहेरच राहील, प्लास्टर एक पावसाळा सुटणार नाही. कशाची हमी नाही तेही लिहा: पूर आला, नळ फुटला, कोणी पुन्हा भिंतीला माती लावली, तर जबाबदारी तुमची नाही.

पैसे चार हप्त्यांत घ्या: सुरुवातीला ३० टक्के, पाणी बंद करण्याचं काम झाल्यावर ४०, प्लास्टर झाल्यावर २०, आणि शेवटचे १० टक्के दोन-तीन मोठे पाऊस पडून गेल्यावर. आपल्या उदाहरणात शेवटचा हप्ता १,७९० रुपये होतो. तो २,३२९ च्या नफ्यापेक्षा लहान आहे, म्हणजे अडकला तरी तुम्ही तोट्यात जात नाही. पण "पाऊस पडू द्या, मग द्या" हे वाक्य ऐकल्यावर गिऱ्हाइकाचा जो विश्वास बसतो, तो जाहिरातीने मिळत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

हा धंदा धानाच्या कॅलेंडरवर चालतो.

- जुलै ते सप्टेंबर: तपासणी. पाणी कुठून येतं ते पावसातच दिसतं. रोवणीच्या दिवसांत मजूरही मिळत नाहीत, तेव्हा फक्त फोटो, नोंदी आणि गिऱ्हाइकांची यादी.
- नोव्हेंबर-डिसेंबर: धान विकून हातात पैसा येतो. पाणी बंद करण्याची कामं घ्या, जुनं प्लास्टर काढून ठेवा.
- फेब्रुवारी-मार्च: भिंत वाळलेली असते, ऊन अजून कडक नसतं. प्लास्टर करा.
- एप्रिल-मे: छपराची कामं आणि रंग.
- जून-जुलै: जुन्या घरांना भेट आणि शेवटचा हप्ता.

एका घराचं काम दोन-तीन फेऱ्यांत होतं. म्हणून एका वेळी एकच घर न धरता सहा-सात घरं साखळीने चालवा.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, दलालाला पैसे देऊ नका. राजमिस्त्रीचं काम हाताने करणारे प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत बसतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज आहे, पहिला टप्पा १ लाखापर्यंत. तुमच्या मजुरांनी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर त्यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून द्या, चांगले हात टिकून राहतात. फक्त सेवा देणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते.

गृहपाठ

या आठवड्यात कुठलंही काम घेऊ नका. स्वतःचं, मामाचं, शेजारच्या काकूंचं, अशी तीन घरं फुकट तपासा. शिकण्यासाठी ही तीनच फुकट, चौथ्यापासून फी. प्रत्येक घराचं एक पान: बाहेरचा नकाशा, पाण्याचा उतार, ओलीची उंची, फोटो, आणि शेवटी एकच ओळ: "पाणी इथून येतं, कारण..."

ती ओळ खात्रीने लिहिता आली तर दर काढायला बसा. नाही आली तर पुन्हा बाहेर जा आणि घराला आणखी एक फेरी मारा.

भेटू पुढच्या भागात. पानाचा फोटो व्हिडिओखाली नक्की टाका.